चार जीबीच्या लॅपटॉपवर तासाभराचा रेट्रो प्लॅटफॉर्मर: उडी, टाइल, मराठी अक्षरं आणि किंमत

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळ्यात शिकणाऱ्या दोघा मित्रांना सहा महिन्यांत एक छोटा प्लॅटफॉर्मर (कठड्यांवरून उड्या मारत पुढे जायचा खेळ) करायचा आहे, जुन्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमच्या वळणाचा, आणि तो स्वस्तात विकायचा आहे. पार्श्वभूमी खान्देशची हवी: केळीच्या बागा, भुसावळचं रेल्वे यार्ड, तापीचा पूर. हाताशी चार जीबी रॅमचे जुने लॅपटॉप आहेत. इंजिन (गेम ज्यात बनवतात ते सॉफ्टवेअर) कोणतं घ्यावं, गेम किती लांब ठेवावा, मराठी अक्षरं बसतील का आणि किंमत किती लावावी?

अक्षरं बसतील आणि लॅपटॉपही पुरेल. फक्त कामाचा क्रम उलटा करा. चित्रं, संगीत, गोष्ट, गेमचं नाव हे सगळं मागे ठेवा आणि आधी उडी करा. राखाडी चौकोन, खाली काळी पट्टी, दोन-चार पायऱ्या, बस. तो चौकोन उगाचच उडवत राहावासा वाटेपर्यंत पुढे जाऊ नका. लहान प्लॅटफॉर्मरमध्ये खेळणारा शेवटपर्यंत तेवढंच करत असतो. उडी फसली तर केळीची बाग कितीही देखणी असो, तिसऱ्या खोलीत, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातच, गेम बंद होतो.

इंजिनवर फार वेळ घालवू नका. गोडो घ्या. ते एमआयटी परवान्याखाली मोफत आहे, विक्रीतून काही द्यावं लागत नाही, इन्स्टॉलही करावं लागत नाही. नवीन प्रोजेक्ट उघडताना रेंडरर (चित्र पडद्यावर काढणारा भाग) 'कम्पॅटिबिलिटी' निवडा. तो ओपनजीएलवर चालतो, त्यामुळे जुन्या ग्राफिक्सवरही निभावतो. गेममेकरही चांगलं आहे (२०१५ चा 'डाउनवेल' त्यातच झाला), पण पैसे घेऊन गेम विकायचा तर त्याचा व्यावसायिक परवाना विकत घ्यावा लागतो. प्रोग्रामिंगचा सराव अगदीच कमी असेल तर आधी पंधरा दिवस टिक-८० या छोटे गेम बनवण्याच्या साधनात एक-दोन खोल्यांचा खेळ करा. त्यात पडदा २४० × १३६ आणि रंग १६ एवढंच मिळतं, त्यामुळे पसारा वाढतच नाही. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी 'सेलेस्ट' या प्लॅटफॉर्मरचं पहिलं रूप तशाच पिको-८ वर चार दिवसांत केलं होतं, १२८ × १२८ पिक्सेलच्या पडद्यावर. २०१८ चा मोठा गेम त्यातून वाढला.

पडदा ३२० × १८० ठेवा. तो सहापट केला की १९२० × १०८० होतो. १३६६ × ७६८ च्या स्वस्त लॅपटॉपवर चारपट म्हणजे १२८० × ७२० भरतो, डावी-उजवीकडे ४३ आणि वर-खाली २४ पिक्सेल काळी पट्टी उरते. ती उरू द्या. पडदा भरायच्या हट्टाने ४.२७ पट ताणलात तर काही पिक्सेल चार आणि काही पाच ठिपके रुंद होतात. मग कॅमेरा सरकला की चित्र लुकलुकतं आणि दोष तुमच्या चित्रकाराच्या माथी येतो.

टाइल (खोली ज्या चौकोनी तुकड्यांनी रचतात ते) १६ पिक्सेलची घेतलीत तर इथे एक अडचण आहे: १८० ला १६ ने भागलं की ११.२५ येतात. पाव टाइल कुठे तरी लटकते. सोपा उपाय म्हणजे वरचे २० पिक्सेल माहितीच्या पट्टीला द्या. खाली १६० उरतात, म्हणजे नेमक्या दहा ओळी. प्रत्येक खोली २० × १० टाइलची आणि कॅमेरा स्थिर. एक खोली एक पडदा असेल तर कॅमेऱ्याची निम्मी दुखणी येतच नाहीत.

आता उडी. आकडे चाचपडत ठरवू नका, गणिताने काढा. तुम्हाला दोनच गोष्टी ठरवायच्या आहेत: उडी किती उंच आणि माथ्यावर पोचायला किती वेळ. मग गुरुत्व म्हणजे २ × उंची ÷ (वेळ × वेळ), आणि सुरुवातीचा वेग म्हणजे २ × उंची ÷ वेळ. उंची ५६ पिक्सेल आणि वेळ ०.४ सेकंद धरली तर गुरुत्व ७०० आणि वेग २८० येतो. खाली येताना गुरुत्व दीडपट करा, १०५०. वर जायला ०.४ आणि खाली यायला सुमारे ०.३३, असे मिळून ०.७३ सेकंद हवेत जातात. धावण्याचा वेग सेकंदाला ११० पिक्सेल ठेवलात तर उडी साधारण ८० पिक्सेल लांब जाते, म्हणजे पाच टाइल. यावरून खोल्यांचं माप आपोआप ठरतं: तीन टाइलची दरी सोपी, चारची अवघड, पाचची फक्त शेवटच्या एखाद्या खोलीत.

उंची ५६ घ्या म्हणतो, तीन टाइलची ४८ नाही, त्याला कारण आहे. कोड साधारणपणे दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) आधी वेगात गुरुत्व मिळवतो आणि मग जागा बदलतो. त्यामुळे खरी उडी गणितापेक्षा अर्ध्या फ्रेमच्या वेगाइतकी कमी भरते. ४८ पिक्सेल, ०.४ सेकंद, वेग २४०: सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर नेमके दोन पिक्सेल कमी, म्हणजे ४६. तीन टाइलच्या कठड्यावर पाय टेकतच नाही आणि कोड तर बरोबर दिसतो. ५६ धरलेत तर हातात ५३.७ येतात. तीन टाइल आरामात चढता येतात आणि चार कधीच नाही. असा स्पष्ट फरक खोल्या आखताना फार उपयोगी पडतो.

बटण लवकर सोडलं तर उडी तोकडी व्हायला हवी. सोडल्याच्या फ्रेमला, चौकोन अजून वर जात असेल तर, वेगाला ०.४५ ने गुणा. हे एकदाच व्हायला हवं. 'बटण दाबलेलं नाही' अशी अट दर फ्रेमला तपासलीत तर वेग दोन-तीन फ्रेममध्ये संपतो आणि उडी भिंतीला थडकल्यासारखी थांबते. पडण्याच्या वेगाला ३०० ची मर्यादा घाला. त्याहून जास्त झाला की खालचं काही दिसायच्या आत पाय टेकतो. जमिनीवर पूर्ण वेग यायला ०.०८ सेकंद, थांबायला ०.०६, हवेत वळण्याची ताकद जमिनीच्या साधारण दोन तृतीयांश, इथून सुरुवात करा आणि हाताला लागेल तसं बदला.

यानंतर येतात त्या सवलती. त्या खेळणाऱ्याला दिसत नाहीत, पण त्या नसल्या तर 'मी दाबलं होतं, याने ऐकलं नाही' ही तक्रार हमखास येते. पहिली म्हणजे कायोटी टाइम: कडेवरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मान्य करायची. 'सेलेस्ट'च्या खेळाडूचा कोड निर्मात्यांनी खुला ठेवला आहे, त्यातही हा आकडा ०.१ च आहे. दुसरी, जमिनीला टेकण्याआधी ०.१ सेकंदात दाबलेलं बटण लक्षात ठेवायचं आणि टेकताच उडी द्यायची. तिसरी, डोकं वरच्या टाइलच्या कोपऱ्याला तीन-चार पिक्सेलच लागत असेल तर चौकोन हळूच बाजूला सरकवून वर जाऊ द्यायचा.

चुका नेहमी त्याच होतात. उडी घेतल्यावर कायोटीचा घड्याळकाटा शून्य केला नाही तर हवेत दुसरी उडी मिळते. लक्षात ठेवलेलं बटण पुसलं नाही तर एका दाबात दोन उड्या होतात. आणि बटण टेकण्याआधीच सोडलेलं असेल तर ती उडी तोकडीच द्यायला हवी, नाहीतर हलक्या टिचकीला पूर्ण उडी मिळते आणि काट्यांच्या खोलीत माणूस चिडतो.

उडीचं बटण स्पेसवर ठेवू नका. स्वस्त कीबोर्डवर डावा बाण, वरचा बाण आणि स्पेस एकदम दाबले तर तिसरं बटण अनेकदा नोंदलंच जात नाही. बाणांबरोबर झेड आणि एक्स ठेवा आणि बटणं बदलण्याची सोयही द्या.

टक्करीचे चौकोन (धक्का लागला की नाही हे ज्यावरून ठरतं ते) चित्रापेक्षा वेगळे असू द्या. १६ × १६ च्या चित्राला अंग १० × १४ पुरे. काट्यांचा चौकोन चित्रापेक्षा चार-सहा पिक्सेलने लहान, गोळा करायच्या वस्तूंचा मोठा. मरण नेहमी खेळणाऱ्याला पटलं पाहिजे, आणि मेल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत पुन्हा खेळ सुरू झाला पाहिजे. मधे काळा पडदा, आवाज, 'पुन्हा प्रयत्न करा' असलं काही नको.

सगळी हालचाल गोडोच्या 'फिजिक्स प्रोसेस'मध्ये (सेकंदाला ठरावीक ६० वेळा चालणाऱ्या भागात) लिहा, साध्या 'प्रोसेस'मध्ये नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि जुना लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. फ्रेम घसरल्या आणि हालचाल फ्रेमवर बांधलेली असेल तर उडीची उंचीच बदलते. सकाळी जमलेली खोली दुपारी अशक्य होते. ठरावीक ६० ठोक्यांवर लिहिलेली उडी बदलत नाही. उन्हाळ्याच्या भर दुपारी, चार्जर लावून, ब्राउझर उघडा ठेवून गेम चालवून बघा. इतकी कडक चाचणी दुसरीकडे मुद्दाम करावी लागते.

आता आखणी. छोट्या गेमला एकच क्रिया लागते, पण ती पूर्ण पिळून काढलेली. टेरी कॅव्हनॉच्या 'व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही'मध्ये (२०१०) उडीच नाही, फक्त गुरुत्व उलटं होतं, आणि पूर्ण गेम त्यावर उभा आहे. 'डाउनवेल'मध्ये बुटांतून खाली गोळ्या सुटतात आणि त्याच पडण्याला आवर घालतात. तलवार, दुहेरी उडी, दुकान, बॉस असं सगळं थोडं थोडं घेऊन सहा महिन्यांत काहीच पुरं होत नाही.

तुमच्या पार्श्वभूमीला शोभेल अशी एक क्रिया सुचवतो: केळीचा घड. तो खांद्यावर असला की उडीचा वेग २८० ऐवजी २३५. गुरुत्व तेच, त्यामुळे उडी साधारण ३७ पिक्सेल भरते: दोन टाइल चढता येतात, तीन नाही. घड खाली ठेवला की पूर्ण उडी. घडावर पाय देऊनही चढता येतं, पण घडाशिवाय दार उघडत नाही. एवढ्यावर पंचवीस-तीस खोल्या सहज निघतात, कारण प्रत्येक खोलीत प्रश्न एकच आहे: घड आत्ता ठेवू की नेऊ?

तीन जागा, प्रत्येकी आठ-नऊ खोल्या. रावेर-यावलच्या बागेत केळीची पानं म्हणजे एका बाजूने झिरपणारे कठडे: खालून वर जाता येतं, वरून उभं राहता येतं. घड घेऊन उभे राहिलात तर पान ०.६ सेकंदात वाकतं. पायाचा चौकोन आधीच्या फ्रेमला पानाच्या वर होता का, हेच तपासायचं. फक्त 'आत्ता स्पर्श आहे का' बघितलंत तर खेळाडू पानात अडकून वर फेकला जातो. भुसावळच्या यार्डात सरकत्या वाघिणी (मालगाडीचे डबे) ठेवा. आधी वाघीण हलवा, मग खेळाडू, नाहीतर पाय दर फ्रेमला एक पिक्सेल थरथरतो. शिवाय वाघिणीवरून उडी मारली की गोडो तिचा वेग खेळाडूला जोडतं. हवेतला वेग तुम्ही ११० ला जखडला नसेल आणि वाघीण ६० ने जात असेल तर उडी ४४ पिक्सेल लांबते, जवळजवळ तीन टाइल. ते हवं असेल तर खोली तशी आखा, नको असेल तर 'प्लॅटफॉर्म ऑन लीव्ह' ही सोय बंद करा. तापीच्या खोल्यांत पाणी वर चढतं. चढण्याचा वेग सरळ ठेवा, सेकंदाला आठ-दहा पिक्सेल. घाई पाण्याने लावायची, काट्यांनी नाही. दोन्ही एकदम आले की खेळणारा विचार सोडून धावत सुटतो.

प्रत्येक नवी गोष्ट आधी बिनधोक खोलीत दाखवा, मग धोक्यासह, मग जुन्या गोष्टीबरोबर. लिहून शिकवू नका. पहिल्या खोलीत घड दोन टाइलच्या पायरीपुढे आणि दार तीन टाइलच्या कठड्यावर ठेवलं की नियम आपोआप कळतो.

पाच-सहा जणांना खेळायला बसवा आणि मागे उभे राहून गप्प राहा. निम्मे तरी असे घ्या ज्यांनी प्लॅटफॉर्मर फारसे खेळलेले नाहीत. प्रत्येक मरणाची जागा आणि खोलीचा क्रमांक फाइलमध्ये लिहून ठेवायला कोडला सांगा. एका टाइलवर ठिपके साचले तर बहुतेक वेळा अवघडपणा नसतो, टक्करीचा चौकोन चुकलेला असतो किंवा कठडा मागच्या चित्रात बुडालेला असतो.

यावरूनच चित्रांकडे येतो. जुन्या यंत्रांची बंधनं स्वतःला लावून घ्या, फार काम वाचतं. निन्टेन्डोच्या एनईएस या जुन्या गेम यंत्रावर एका स्प्राइटला (हलणाऱ्या चित्राला) तीन रंग आणि एक पारदर्शक एवढंच मिळे. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ढग आणि झुडूप एकाच टाइलचे आहेत, रंग तेवढे वेगळे. तुम्हीही पूर्ण गेमला १६ रंग आणि प्रत्येक जागेला तीसेक टाइल ठरवा. केळीच्या बागेत मात्र एक धोका आहे: सगळंच हिरवं. खेळाडूला असा रंग द्या जो पार्श्वभूमीत कुठेच नाही. पांढरी टोपी आणि लाल उपरणं चांगलं दिसेल. पडद्याचं चित्र करडं करून बघा. करड्यातही खेळाडू, कठडा आणि धोका वेगळे ओळखू आले तर रंग बरोबर. वाऱ्याने शिरांवरून फाटलेलं केळीचं पान, काळी माती, मागे सातपुड्याची निळसर रेघ, एवढ्यात मुलूख ओळखू येतो. चित्र कधीही इंजिनमध्ये तिरकं फिरवू किंवा दीडपट करू नका. शेजारी-शेजारी वेगळ्या मापाचे पिक्सेल आले की जुनेपणाचा भास तिथेच संपतो. साधन म्हणून मोफत लिब्रेस्प्राइट पुरे.

मराठी अक्षरं. जुन्या यंत्रांचं ८ × ८ चं अक्षर देवनागरीला पुरत नाही. वर वेलांटी, मधे शिरोरेघ, खाली उकार, शिवाय जोडाक्षर. १६ पिक्सेलपेक्षा कमी उंचीत 'ट्रॅक्टर' वाचता येत नाही. एकेक अक्षर तोडून ठेवलेला बिटमॅप फॉन्ट तर वापरूच नका, पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरं सुटतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा खरा फॉन्ट घ्या. गोडोची अक्षरजुळणी तो नीट मांडते. मांडणी अशी करा: मूळ माप ६४० × ३६०, स्ट्रेच मोड 'कॅनव्हास आयटम्स', स्केल मोड 'इंटिजर'. खेळ 'सबव्ह्यूपोर्ट कंटेनर'मध्ये ठेवून त्याचं 'स्ट्रेच श्रिंक' २ करा, म्हणजे आत ३२० × १८० च राहतं. टेक्स्चर फिल्टर 'निअरेस्ट'. अक्षरं त्या कंटेनरच्या बाहेर. खेळ जाड पिक्सेलचा आणि मजकूर स्वच्छ. 'सेलेस्ट'मध्येही संवाद खेळापेक्षा मोठ्या मापात काढलेले आहेत, त्यामुळे कमीपणा मानायचं कारण नाही. पात्रं अहिराणीत बोलली तर उत्तमच. फक्त वाक्य दोन ओळींत संपवा.

आवाजाला जेएसएफएक्सआर आणि संगीताला फॅमीस्टुडिओ, दोन्ही मोफत. उडीचा आवाज सगळ्यात हळू ठेवा, कारण तो शेकडो वेळा ऐकू येणार आहे, आणि दर वेळी सूर पाचेक टक्के वर-खाली करा. कानबाईच्या गाण्यांची पारंपरिक चाल स्वतः वाजवून घ्या. कॅसेट किंवा यूट्यूबवरचं ध्वनिमुद्रण उचललंत तर ते दुसऱ्याच्या हक्काचं असतं.

लाइट जाते हे गृहीत धरा. प्रोजेक्ट गिटमध्ये (कोडच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साधनात) ठेवा आणि रोज बाहेरच्या सर्व्हरवर ढकला. गेमची सेव्ह फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा आणि मग नाव बदला. थेट जुन्या फाइलवर लिहिताना वीज गेली तर खेळणाऱ्याची सगळी प्रगती जाते.

लांबी आणि किंमत एकत्रच ठरवावी लागते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीनंतर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. तुमचा तासाभराचा गेम त्या खिडकीत पूर्ण बसतो. म्हणून तो ताणू नका. ताणलेल्या खोल्या लगेच ओळखू येतात आणि वाईट अभिप्राय परताव्यापेक्षा महाग पडतो. पानावर स्पष्ट लिहा: सुमारे एक तास, २६ खोल्या. किंमत दीडशेच्या आसपास ठेवलीत तर परत मागण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही.

हिशेब असा. १४९ रुपयांत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तो गेला की १२६ उरतात. स्टीमचे ३० टक्के गेले की ८८. नोंदणीचे १०० डॉलर म्हणजे साधारण नऊ हजार रुपये, म्हणजे ते भरून यायला भारतीय किमतीच्या शंभर प्रती. ते १०० डॉलर स्टीम परतही देतं, पण गेमची विक्री १००० डॉलरवर गेल्यानंतरच. डॉलरमधली किंमत वेगळी लावता येते. २.९९ ठेवा, कारण बरीचशी विक्री बाहेरूनच येईल. त्यासाठी इंग्रजी मजकूर पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलमध्ये तयार ठेवा.

पहिल्या सहा खोल्यांचा मोफत नमुना इच.आयओ या छोट्या गेमच्या साइटवर, ब्राउझरमध्ये चालेल असा टाका. गोडो ४.३ पासून वेब एक्स्पोर्ट एकाच थ्रेडवर चालतो, त्यामुळे तिथे वेगळी खटपट लागत नाही. मोबाइलवर मात्र हा गेम आणू नका. काचेवर बोटाला बटणाची कड कळत नाही आणि ०.१ सेकंदाच्या सवलतीही तिथे अपुऱ्या पडतात. फोनसाठी करायचाच असेल तर एका बोटाचा वेगळा खेळ आखावा लागेल.

महिन्यांची वाटणी: पहिला पूर्ण उडीला, दुसरा-तिसरा राखाडी खोल्यांना, चौथा-पाचवा चित्र-आवाजाला, सहावा फक्त दुरुस्तीला. स्टीमची फी भरल्यापासून ३० दिवस गेम प्रकाशित करता येत नाही, 'लवकरच येत आहे' हे पान किमान दोन आठवडे उघडं असावं लागतं आणि पान व गेम दोन्ही तपासले जातात. म्हणून फी चौथ्या महिन्यातच भरा. खातं एकाच्या नावावर उघडा. पॅन, बँक खातं आणि करफॉर्मवरचं नाव अक्षरशः सारखं असू द्या, नाहीतर पडताळणी तिथेच अडते. दोघांतली वाटणी आधीच कागदावर लिहून सह्या करा.